दोन ओळींच्या मधलं

काकू,

तुला नमस्कार लिहायलाही तोंड नाही. काल फोनवर तू विचारलंस, "होडीतलं मूळ गाणं सापडलं का रे?" मी म्हणालो, "शोधतोय." मी शोधत नाहीये.

काका घरात बसून कधी गायले नाहीत. हातात वल्हं नसेल तर ओळ फुटत नाही, म्हणायचे. म्हणून तर आपण तिघं होडीत बसलो, तू पुढे, मी रेकॉर्डर धरून मागे. एक ओळ म्हणायची, वल्हं ओढायचं, दम घ्यायचा, मग पुढची ओळ. आपल्या बेटावरची सगळी गाणी अशीच.

रेडिओत आवाज साफ करणं हेच माझं काम. मी पाणी काढलं, वल्हं काढलं, धाप काढली, ओळीला ओळ चिकटवली. साहेबांनी पाठ थोपटली. त्या तोऱ्यात मी मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

काका गेल्यावर ते गाणं रेडिओवर लागलं. तू एवढंच म्हणालीस, "मधलं कुठंय?" मला वाटलं, तुला वल्ह्याचा आवाज हवाय. काल तू सांगितलंस, "गाणं काय, इथं शेंबड्या पोरालाही येतं. मधेमधे ते मला 'नीट बस गं' म्हणत होते ना, तेवढं हवंय."

ते मी हेडफोन लावून स्पष्ट ऐकलं होतं, काकू. ऐकून, गोंगाट म्हणून कापलं.

हे पत्र टाकायची छाती नाही. तुझा फोन येईल, मी पुन्हा "शोधतोय" म्हणेन, आणि तू म्हणशील, "सावकाश शोध. आधी जेवून घे."

तोंड लपवलेला,
तुझा पुतण्या