न लावलेलं पडवळ

डब्लिन, ओहायो
एप्रिल २००८

प्रिय बाबा,

शनिवारी आई येतेय. "ह्यांची बाग बघायचीय गं मला," काल फोनवर म्हणाली. म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन दोन महिने झाले, आता लिहून काय होणार? पण दुसऱ्या कुणाला सांगू?

बाबा, बाग नाहीये. तुमच्या चारही वाफ्यांवर गेल्या मे महिन्यात मी माणूस बोलावून लॉन टाकून घेतलं.

दोन उन्हाळे तुम्ही इथे राहिलात, सहा-सहा महिने. पाटबंधारे खात्यातली जुनी सवय, सगळं वहीत. कुठल्या कोपऱ्यात ऊन किती वाजता येतं, मेपलला पालवी कधी फुटते, रोपं करपवणारा शेवटचा फ्रॉस्ट कधी पडतो. वाफ्यांचा नकाशा तर फूटपट्टीने! मी हसायचे. "बाबा, चार पडवळांसाठी केवढा पसारा!" तुम्ही म्हणायचात, "अगं, इथली जमीन सहाच महिने जागी असते. झोपेत तिला बी देऊन उपयोग नाही."

मग डॉक्टरांनी तुमचा विमानप्रवास बंद केला आणि तुम्ही साताऱ्याहून बाग चालवायला लागलात. दर रविवारी फोन. "बी भिजत घातलंस?" मी म्हटलं, हो. का म्हटलं? ऑफिसातली निम्मी माणसं कामावरून काढली होती, त्यांचं काम माझ्या गळ्यात, अंगात दम नव्हता. पण खरं सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. एकदा हो म्हटल्यावर दर रविवारी वेल वाढवावा लागला. मांडवावर चढवला, तीन पडवळं काढली, एक शेजारी दिलं. थापाड्या मुलीच्या बागेत ना कीड पडली, ना ससे आले!

तेराव्यानंतर आईने वही माझ्या बॅगेत घातली होती. काल तिचा फोन ठेवल्यावर ती पहिल्यांदा उघडली. माझी प्रत्येक थाप तुमच्या अक्षरात, तारखेसकट. पाडव्याच्या सुमाराला मी सांगितलं होतं, "रोपं बाहेर लावली बाबा, मुहूर्त साधला!" साताऱ्यात चालतं ते. इथे तेव्हा जमीन गोठलेली. तुम्ही तेही लिहून घेतलंत आणि पुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात: "मार्चमध्ये? तिथे फ्रॉस्ट मेपर्यंत. काही बोलू नये. दमलेली वाटते."

तुम्हाला कळलं होतं! तरी पुढचे सगळे रविवार विचारत राहिलात, लिहीत राहिलात? आईलाही बोलला नाहीत? एकदा ओरडायचं होतं ना, बाबा! "पुरे कर, वसू," एवढंच. मी रडले असते आणि संपलं असतं. आता कुणापुढे रडू?

आज सकाळी फावडं घेऊन लॉन उकरायला गेले. चिकट मातीत ते रुतून बसलं, हात सोलवटले, एक वाफासुद्धा झाला नाही. दुकानातून तयार रोपं आणून टोचावीत, असंही मनात आलं. आता आईलाही फसवू? किती खालच्या थराला जायचं माणसाने!

शनिवारी एअरपोर्टवरून येताना, घर यायच्या आधी, तिला सगळं सांगेन. तिने माझ्याशी बोलणं टाकलं तरी सांगेन. मग मे महिन्यात, त्याआधी नाही, तुम्ही पाठवलेलं पडवळाचं बी लावीन. वर्षभर तसंच पडून होतं ते, रुजेलसं वाटत नाही. नाही रुजलं, तर वहीत "रुजलं नाही" असंच लिहीन.

तुमची,
वसू