दोन पोती सुटे भाग

३ ऑगस्ट, सकाळी
आजपासून रोजनिशी. कामाची नोंद असलेली बरी. ऑफिस बंद झालं तेव्हा बाकीच्यांनी खुर्च्या नेल्या. मी कॉम्प्युटरचे सुटे भाग आणले, दोन पोती भरून. तेव्हापासून उठायला अकरा वाजायचे, आज आठला उठलो. बावीस वर्षं मेन्टेनन्स केलाय, हातात घेतलं की वस्तू कळते. मुलीला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कॉम्प्युटर हवाय. वीस तारीख शेवटची. म्हटलं, विकत अजिबात घ्यायचा नाही, पंधरा दिवसांत उभा करतो. ती ‘बरं बाबा’ म्हणाली.

४ ऑगस्ट
पोती पलंगावर ओतली. तीन मदरबोर्ड, अकरा रॅम, पाच हार्ड डिस्क, दोन पॉवर सप्लाय. लेबलं बहुतेक निघून गेलेली. हरकत नाही. लेबल वाचून काय, कोणीही सांगेल. बायकोने विचारलं, झोपायचं कुठे? प्रत्येक मोठ्या कामाच्या सुरुवातीला कोणीतरी असलं काहीतरी विचारतंच. खाली गादी घातली. पाठीला चांगलं असतं म्हणे.

६ ऑगस्ट
वर्गीकरण. तीन खोके: ‘चालू’, ‘बहुतेक चालू’, ‘बघू’. ‘चालू’मध्ये सध्या फक्त माझा स्क्रूड्रायव्हर आहे.

७ ऑगस्ट
रॅम बसेना. तिची खाच एकीकडे, स्लॉटचा उंचवटा दुसरीकडे. जोर लावला. बसली. स्लॉट चिरला. तो बोर्ड तसाही जुनाट होता. आता दोनच राहिले, म्हणजे निवड सोपी झाली.

९ ऑगस्ट, दुपारी
पॉवर सप्लाय लावला. फाट्! धूर. घरातली वीज गेली. बोर्डही गेला. बायको दवाखान्यात घालायचा कोट इस्त्री करत होती, ती तसाच चुरगळलेला घालून कामावर गेली. सप्लायच्या मागे एक लाल बटण निघालं. ते ११५ व्होल्टवर होतं, २३० वर हवं होतं. लेबल असतं तर हे झालं नसतं. (आकडे बटणावरच आहेत. पण बारीक आहेत.)

११ ऑगस्ट
जुन्या साहेबांना फोन केला. उरलेल्या बोर्डाचं मॉडेल त्यांच्या यादीत असेल. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय? नाव सांगितलं. बावीस वर्षं सांगितली. मग म्हणाले, हां हां. मीटिंगमध्ये होते. करतो म्हणाले.
मुलगी हल्ली दिवसभर मैत्रिणीकडे जाऊन काम करते, असं बायको म्हणाली. उत्तम. हात चालू राहतो.

१४ ऑगस्ट
साहेबांचा फोन नाही. रेंज नसेल.
पण बोर्ड बोलला! तीन लांब बीप. बायकोला हाक मारून ऐकवले. तिने विचारलं, काय म्हणतोय? म्हटलं, रॅम मागतोय. ती म्हणाली, द्या मग.

१७ ऑगस्ट
एकेक रॅम लावून बघतोय. आठ झाल्या. काही नाही. जेवण इथेच आणून ठेवलं होतं. जेवलो असेन, ताट रिकामं आहे.

१९ ऑगस्ट, सकाळी
नववी लागली. बीप थांबला. पडद्यावर पांढरी अक्षरं आली. हार्ड डिस्कही एक धड निघाली. वाटलं होतं, या क्षणी डोळे भरून येतील. नाही आले. एक दिवस हातात ठेवून काम पूर्ण.

१९ ऑगस्ट, दुपारी
मुलीला बोलावलं. तिने वाकून पाहिलं. छान झालाय बाबा, म्हणाली. म्हटलं, बस, सुरू कर. ती उभीच. प्रोजेक्ट परवाच देऊन झालाय म्हणाली. मामाने पाच तारखेलाच लॅपटॉप आणून दिला होता. मैत्रीण वगैरे कोणी नाही. स्वयंपाकघरात दार लोटून बसायची.
बायकोला विचारलं, मला सांगितलं का नाही?
ती भांडी पुसत होती. म्हणाली, “तुम्ही सकाळी आठला उठायला लागला होतात.”
कॉम्प्युटर चालू होता. बंद केला.