किडनीतला वण कोण विणतं

सर, नलिकांच्या ज्या पेशींना तुम्ही शेवटपर्यंत फितूर म्हणालात, त्या फितूर नव्हत्या. हे मी धंतोलीतल्या माझ्या लॅबमध्ये बसून, सकाळच्या सगळ्या बायोप्सी वाचून झाल्यावर लिहिते आहे, आणि पूर्ण खात्रीने लिहिते आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "खात्री ठेव बाजूला, पुरावा दाखव." तर तेच करते.

मी एम.डी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. किडनी हळूहळू सुकत जाते, तिच्यात वण पसरतो, तेव्हा तो वण विणणाऱ्या पेशी येतात कुठून, हे तुम्ही शिकवत होतात. तुमचं उत्तर ठरलेलं होतं, आणि तेव्हाच्या पुस्तकांतही तेच होतं: गाळलेल्या द्रवाची लघवी करून पुढे नेणाऱ्या नलिकांच्या स्वतःच्याच पेशी रूप बदलतात, भिंत ओलांडून बाहेर पडतात आणि वण विणू लागतात. "घरचेच फितूर होतात," असं म्हणून तुम्ही टेबलावर हात आपटायचात. मी उभी राहिले. म्हटलं, सर, या स्लाइडमध्ये नलिकेभोवतीची काळी रेघ, म्हणजे तिची भिंत, कुठेही तुटलेली नाही. आणि चातीसारख्या लांबट पेशी सगळ्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून आहेत. नलिकेतून कोणी बाहेर आल्यासारखं दिसत नाही. तुम्ही चष्मा काढलात आणि माझ्याकडे बघितलंत. "काय वं, पुस्तक लिहिणारे काय झोपून राहिले होते? स्लाइड म्हणजे फोटो. बसस्टँडवरच्या गर्दीचा फोटो पाहून कोण कोणत्या गावावरून आला, सांगशील तू? बस खाली."

मी बसले. रडले नाही, पण चार दिवस तुमच्यासमोर आले नाही. पाचव्या दिवशी तुम्हीच बोलावून घेतलंत. तुमच्या टेबलावर जुन्या बायोप्सींच्या स्लाइड्सचे ट्रे एकावर एक रचलेले होते. तुम्ही चार दिवस त्याच बघत होतात. "भिंत ओलांडताना एकही सापडली नाही मले," तुम्ही म्हणालात. "पण नाही सापडली म्हणजे नाहीच, असं नसते. तू बी सिद्ध नाही केलं, मी बी नाही केलं. समजलं का?" मग एक ट्रे माझ्याकडे सरकवलात. तो मी अजून वापरते. माफी तुम्ही मागितली नाहीत, आणि मला ती हवीही नव्हती. एवढा मोठा माणूस माझ्या एका वाक्यासाठी चार दिवस मान मोडून बसला, याचंच मला अप्रूप होतं.

पुढे तुमचीच किडनी बिघडली. रामदासपेठेतल्या तुमच्या स्वयंपाकघरात मॅडम बटाटे चिरून पाण्यात घालायच्या, ते पाणी फेकून पुन्हा दुसऱ्या पाण्यात. तुमच्या किडनीला न झेपणारं भाजीतलं पोटॅशियम उतरावं म्हणून. तुम्ही ओट्याला टेकून उभे. "नागपुरात राहून संत्रं बंद! याच्यापेक्षा मोठी शिक्षा सांग मले." मॅडम हसायच्या नाहीत. तुमची बायोप्सी माझ्याकडे आली तेव्हा तुम्ही हट्टाने लॅबमध्ये आलात. दोघांना एकदम बघता येतं त्या मायक्रोस्कोपवर आपण समोरासमोर बसलो. वण निम्म्याहून जास्त पसरला होता. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. "माझेच घरचे फितूर झाले न शेवटी," तुम्ही म्हणालात, आणि मग मान वर न करता विचारलंत, "तुले काय वाटते? कुठून आल्या ह्या?" मी म्हटलं, "फोटोवरून सांगता येत नाही, सर." तुम्ही मोठ्याने हसलात. त्या वर्षी तुम्हाला तसं हसताना मी एकदाच पाहिलं.

आता सांगता येतं. संशोधकांनी फोटो सोडला आणि गर्दी जमायच्या आधीच खूण करून ठेवली. उंदरांमध्ये नलिकांच्या पेशींवर अशी खूण केली, की ती पेशी पुढे कोणतंही रूप घेवो, खूण पुसली जाणार नाही. मग किडनीला इजा केली आणि वण बनू दिला. वणात त्या खुणेच्या पेशी जवळजवळ सापडल्याच नाहीत. रक्तवाहिन्यांना बिलगून राहणाऱ्या पेशींवर आणि त्यांच्या शेजारच्या आधारपेशींवर खूण केली, तेव्हा मात्र वण त्याच खुणांनी भरलेला निघाला. पुढे माणसांच्या किडनीतली एकेक पेशी वेगळी करून तपासली, तिथेही बोट त्यांच्याकडेच गेलं. थोडे वाद अजून आहेत. ते तुम्हाला आवडले असते. नलिकेच्या पेशी जखमी होतात, अर्धवट बदलतातही, हाका मारतात. पण घर सोडत नाहीत. हाक ऐकून शेजारचे डागडुजीला धावतात आणि थांबायचं विसरतात. तुमच्या किडनीत कोणी गद्दारी केली नव्हती, सर. मदतच जास्त झाली. ती मदत वेळेवर थांबवायचं औषध शोधणाऱ्यांना निदान आता माहीत आहे, थांबवायचं कोणाला.

हा धडा मी दरवर्षी शिकवते, आणि त्या वर्गातली गोष्टही सांगते. फक्त एक आहे. पहिल्या वर्षी ती सांगताना तोंडून उलटं निघून गेलं, आणि मी दुरुस्त केलं नाही. माझ्या विद्यार्थ्यांना वाटतं की पुस्तकाचा हवाला देत उभी राहिले ती मी, आणि काळी रेघ तुटलेली नाही हे दाखवून मला खाली बसवलं ते तुम्ही.