बाविसावी गाठ

म्हसावद,
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८५९

प्रिय लोटन,

पत्र पाहून चमकशील. दोन वर्षं अबोला धरलेल्या बहिणीला आज काय सुचलं? दोन वर्षांमागे आखाजीच्या सणाला, साऱ्या लेकी माहेरी निघालेल्या असताना, तू स्वतः मुऱ्हाळी म्हणून न्यायला न येता गडी पाठवलास, म्हणून मी गाडी रिकामी परतवली. गेल्या आखाजीला तू कुणालाच पाठवलं नाहीस, आणि मुऱ्हाळ्यावाचून माहेरी यायचं नाही म्हणून मीही अडून बसले. ते राहू दे. अरे, मी तोरणमाळचं तळं मोजून आले!

लहानपणी आपल्या लोणखेड्याच्या विहिरीवर बसून आपण त्यावरून किती भांडायचो! त्या तळ्याला तळच नाही, असं मी छातीठोक सांगायचे. 'येडी शे का तू? तळ नही तं पानी थांबी कसं?' हे तुझं ठरलेलं उत्तर. शेवटी पैज लागली. पण आपल्याला तिथे नेतंय कोण?

परवा बाजारात चारोळी विकायला डोंगरावरची कालीबाई आली. तिला विचारलं, तर म्हणे, चल आणि बघ. घेतला विहिरीचा दोर, हाताहातावर गाठी मारल्या आणि निघाले. राणीपुरापर्यंत गाडी, पुढे उजाडताच पायी. पन्नाशीचे गुडघे! पहिल्याच चढणीला देव आठवले. त्यात माझे प्रश्न संपेनात: हे झाड कसलं, हा माग कुणाचा? शेवटी कालीबाई म्हणाली, बाई, तोंड मिटलंस तर दम कमी लागेल.

वर चहूकडे डोंगर आणि मधोमध एवढं पाणी! इतक्या उंचावर ते टिकतं कसं, मला अजून कळलेलं नाही. कालीबाईच्या नवऱ्याने, रायसिंगने, तराफ्यावरून मध्यावर नेलं. दगड बांधून दोर सोडला. दहा गाठी गेल्या, पंधरा, वीस. माझा जीव नुसता वरखाली. बाविसाव्या गाठीला दोर ढिला पडला. दुसरीकडे सोडला, तिथे तर अठराच. मी हसत सुटले. रायसिंगला वाटलं, बाईला ऊन लागलं.

पैज काय होती, आठवतं ना? हरेल त्याने जन्मभर प्रत्येक भांडणात आधी बोलायचं. हरले रे मी, लोटन. बरं झालं हरले. जिंकले असते तर तू कधी बोलतोस याची वाट बघत इथेच बसले असते. या आखाजीला मुऱ्हाळी पाठवू नकोस, मी आपली आपण येतेय. दारच्या निंबाला झोका तेवढा बांधून ठेव.

तुझीच हरलेली बहीण,
दगूबाई