लांडग्या

सातारा,
ता. ८ जानेवारी १९७४

ती. बनुअक्कास,
नानासोचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड आज दुपारी शाळेच्या पत्त्यावर मिळालं. मुलगा झाला, राही आणि बाळ दोघं सुखरूप आहेत, हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मास्तर लोकांनी पेढे मागितले. बारसं होऊ द्या, मग बघू, एवढंच म्हणालो. मागच्या दोन्ही वेळी पेढे आधी वाटले होते, म्हणून या वेळी धीर झाला नाही. पहिली दोन बाळंतपणं तिच्या माहेरी झाली. हे आपल्या घरी आईच्या हाताखाली झालं, याचं मोठं समाधान आहे.

आता मुख्य गोष्ट. तू आत्या, कानात नाव सांगायचा मान तुझा. नाव मी ठरवलंय : शार्दूल. शार्दूल म्हणजे वाघ. दुसऱ्या शब्दापुढं जोडला तर श्रेष्ठ असा अर्थ होतो, म्हणजे नरशार्दूल हा माणसांतला श्रेष्ठ. इथं या नावाची सध्या चलती आहे. आमच्या आळीत फौजदारांच्या घरी एक शार्दूल आहे, वकिलांच्या घरी दुसरा. हेडमास्तर म्हणाले की नावाला वजन आहे. जनावराचं नाव आपल्याला काही नवं नाही. आपली आईच हरणाबाई, तेव्हा हरणाच्या घरात वाघ आला असं समज.

सव्वा महिना झाला की रविवार धरून बारसं ठेवा, मी रजा काढतो. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
नाना


बिरोबावाडी, ता. जत,
ता. १५ जानेवारी १९७४

चि. नानासोस,
बनुअक्काचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. बाळ चांगलं दूध पितंय आन रडतंय बी खच्चून. डोळं तुज्यावानी, नाक मातर राहीचं, म्हणून बरं दिसतंय. तुजं दाजी मेंढरं घिऊन खाली नदीकाठाला गेल्यात, म्हणून ही चार दिस मी आईजवळच हाय.

नावाचं आईला सांगितलं. तिला शार्दूल म्हणताच यीना. आन वाघ म्हणशील तर आपल्या माळावर कुणी बघितलाय त्यो? तुजी थट्टा करत न्हाई, पर आईनं नाव आधीच ठरवलंय. लांडग्या. माजा जीवच दचाकला. धनगराच्या घरात ज्याच्या नावानं रातभर कुत्री जागी ठिवायची, त्येचंच नाव पोराला? दिवेलागणीनंतर तर आपल्यात कुणी त्येचं नावबी घेत न्हाई. मी म्हणलं, मग रातीचं पोराला हाक कशी मारायची? तर म्हणती, रातीचं लेकरू आईच्या कुशीत असतंय, हाक कशाला लागती?

तिचं म्हणणं आसं, की दोन कोकरं त्येनं नेली. आता तिसऱ्याला त्येचंच नाव द्यायचं. आपल्या जातीचं पिल्लू कुणी उचलत न्हाई. दगडू, धोंडू ही नावं समदीच ठिवत्यात, ती आता मरणाच्या ओळखीची झाल्यात म्हणं.

राही काय बोलत न्हाई. पोराला मांडीवरनं खाली ठिवत न्हाई, एवडंच. तू काय ते लवकर लिही. मी मधल्या मधी भरडून निघालीया.

माया आसू दे.
बनुअक्का


सातारा,
ता. २० जानेवारी १९७४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकं सुन्न झालं. मी शिक्षक आहे, रोज सकाळी हजेरी घेतो. कुत्र्या नावाचा मुलगा हजर म्हणायला उभा राहतो तेव्हा वर्ग कसा फिदीफिदी हसतो, ते मी बघतो. माझ्या मुलानं तसं उभं राहायचं? आपला बाप मेंढरामागं गेला, मी शिकलो, ते काय याचसाठी?

आणि आईला एक विचार. पहिल्याचं नाव मयूर मी ठेवलं, दुसऱ्याचं हंसराज मीच ठेवलं. मोर आणि हंस. चांगली नावं ठेवली म्हणून पोरं गेली, असंच तिला म्हणायचंय ना? मग आडून कशाला, सरळ म्हणू दे. दोन वर्षं मी स्वतःलाही हेच विचारतोय, तिच्या तोंडून ऐकलं की मोकळा होईन.

बारशाला ते नाव ठेवणार असाल तर मी येणार नाही. माझं पत्र आईला वाचून दाखव, एक अक्षर गाळू नकोस.

नाना


बिरोबावाडी,
ता. २८ जानेवारी १९७४

चि. नानास,
अ. उ. आ.

तुजं पत्र आईला वाचून दावलं. मधी एके ठिकाणी मी थांबले, तर म्हणली, थांबू नगं, शेवटपतोर वाच. वाचून झाल्यावर ती उठून मेंढरांच्या वाडग्याकडं गेली. लय येळानं आली आन माज्या म्होरं बसली. ती जे म्हणली ते तसंच लिवते.

ती म्हणली, नावानं कुणी मरत न्हाई, हे मला कळत न्हाई व्हय? थोरला गेला तवा मी मेंढरामागं व्हते, मला चार दिसांनी कळलं. दुष्काळाच्या साली धाकटा तापानं फणफणला, राहीच्या म्हायेरी जाऊन त्येला मांडीवर घिऊन मी रातभर बसले. डाक्तरला आणायला माणूस गेलं ते येईस्तोवर समदं झालं व्हतं. दोन्ही बारीला मला काय म्हंजी काय करता आलं न्हाई. ह्या बारीला माज्या हातात एवडं एक नाव व्हतं. पर माज्या लेकाला त्यो डाग वाटत आसंल तर त्येचंच नाव ठिवा. मी शिकून घीन म्हणायला.

नाना, आई रडली न्हाई, पर तवापासनं जेवणात तिचं ध्यान न्हाई. आता ती दिसभर शार्दूल शार्दूल आसं घोकत बसती आन चुकती.

राहीला मी इचारलं, बाई, तुला काय वाटतं? तवा ती पैल्यांदा बोलली. म्हणली, त्या दोगांना नावानं हाक मारायला मी भ्याले, नुसतं बाळ म्हणायची. नाव कंचंबी ठिवा, पर ह्येला मला मोठ्यानं हाक मारायची हाय.

मी तिच्याम्होरं बसून रडले. आता तू सांगशील ते नाव मी कानात सांगीन. बारसं दहा तारखेच्या रविवारी.

तुजी,
अक्का


सातारा,
ता. २ फेब्रुवारी १९७४

ती. आईस,
नानासोचा शि. सा. न. वि. वि.

अक्का, हे पत्र आईजवळ बसून वाच.

आई, मागच्या पत्रात मी तुला नको ते लिहिलं. तू जेवत नाहीस हे वाचल्यापासून माझ्याही घशाखाली घास उतरत नाही. शार्दूल म्हणायला आता शिकू नकोस.

मयूर हे नाव मी इथं खोलीवर बसून काढलं आणि कार्डावर लिहून पाठवलं. रजा मिळून मी निघेपर्यंत तो राहिला नव्हता. हंसराजचं नावही असंच कार्डावर गेलं. त्याला तर मी पाहिलंही नाही. दोन मुलांची नावं ठेवली, पण त्यातलं एकही माझ्या तोंडून हाक म्हणून निघालं नाही. राहीनं हाकेचं सांगितलं तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं. लोक हसतील की नावाजतील याचाच मी विचार करत बसलो होतो.

काल शाळेतून आल्यावर दार लावून मी लांडग्या अशी हाक मारून बघितली. आधी आवाजच फुटला नाही. मग फुटला, तर शेजारचे तात्याबा काय झालं म्हणून विचारायला आले. मुलाला हाक मारत होतो, असं मी त्यांना सांगितलं.

तू ठरवलेलंच नाव ठेवायचं. शनिवारी शाळा सुटली की निघतो. कानात अक्का सांगेल, तो तिचा मान आहे. पण मोठ्यानं पहिली हाक मला मारू द्या.

राहीला सांग, दुसरी तिची. माझ्यावरची माया आहे तशी राहू दे.

तुझा,
नाना