बायजाबाईंची विहीर आणि माझी उमेदवारी

३ ऑक्टोबर २००१
ऑफिसात बायजाबाई आल्या. होळी गावात त्यांची वांग्यांची वाडी आहे. शेजारचा बिल्डर त्यांची विहीर बुजवायला निघालाय. मी डोळे मिटून ऐकलं. या केसमध्ये स्टे आहे, पेपरात फोटो आहे आणि नगरसेवकपदही आहे. बाईंना फक्त स्टेचं सांगितलं.

११ ऑक्टोबर
पक्षाच्या भाऊंना बोळिंजला भेटलो. दोन तास बाहेर बसवलं. माणूस जोखायची त्यांची पद्धत असावी. तिकीट आमच्याच वॉर्डातल्या फेबियनला दिलं म्हणाले. ज्याला साधा अर्ज लिहिता येत नाही, त्याला! अपक्ष लढणार. मतदार अडाणी असले तरी काळा कोट ओळखतात.

१९ ऑक्टोबर, दुपार
कोर्टात बायजाबाईंची तारीख होती. त्याच वेळी एका सोसायटीत माझा सत्कार. सत्कार पुढे ढकलता येत नाही, तारीख मिळतेच. शाल आखूड निघाली.

२० ऑक्टोबर
स्टे मिळाला! जज्जनी विहीर बघायला माणूसही पाठवला. माझी पुण्याई. बॅनर लावले: ‘विहीर वाचवणारा वकील’. सुनंदा म्हणाली, तुम्ही तर तिथे नव्हतात. बायकोला कायदा समजावणं मी सोडलंय.

४ नोव्हेंबर, संध्याकाळ
विहिरीजवळ प्रचारसभा. चार शब्द कौतुकाचे बोलायला बायजाबाईंना स्टेजवर बोलावलं. बाईंनी माईक दोन्ही हातांनी धरला. म्हणाल्या, “वकील आलंच नाय. मंग मीच जज्जसायबांना बोलले, विहिरीत पानी हाय, कोनाला तरी बघायला पाठवा.” लोक पाच मिनिटं हसत होते. अशी जवळीक फेबियनला जन्मात जमणार नाही.

१८ नोव्हेंबर
निकाल. फेबियन निवडून आला. मला सतरा मतं. मोजणीत घोळ आहे. या लोकांची लायकीच नाही. सुनंदाला विचारलं, तू कोणाला दिलंस? म्हणाली, मतदान गुप्त असतं.

२१ नोव्हेंबर, सकाळ
बायजाबाई घरी आल्या. वाटलं, लाज वाटून आल्या असतील. त्यांना वकील बदलायचाय, माझी हरकत नसल्याचं लिहून हवं होतं. सुनंदाने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. मी मोठ्या मनाने दोन ओळी लिहिल्या, झोकात सही ठोकली. बाईंनी कागद घेतला आणि माझ्यासमोरच सुनंदाला वाचायला दिला.
एक चूक निघाली. अशिलाच्या नावाच्या जागीही मी माझंच नाव लिहिलं होतं.