कडुलिंबापासून दहा हात

दादा, तुम्ही जाऊन चाळीस वर्षं होत आली, आणि काल नातीला गणित शिकवताना मी अडले. आरंभबिंदूपासून बिंदूचं अंतर दिलेलं, त्याचा एक निर्देशक दिलेला, दुसरा शोधायचा. पोरीनं नुसतं अधिक सहा लिहून वही मिटली. मी रागावणार होते, त्याऐवजी तुम्हाला हे पत्र लिहायला बसले.

निजामाचं राज्य होतं. तुम्ही परभणीच्या शाळेत उर्दूतून गणित शिकवायचात, अंतराला फासला म्हणायचात, आणि घरी येऊन मला तेच मराठीत समजवायचात. लोक म्हणायचे, पोरीच्या जातीला कशाला एवढं. तुम्ही म्हणायचात, "तिला समजायलंय, मग का नको?" असा बाप मिळाल्याचा लय अभिमान वाटायचा मला.

एका साली पुरानं पाथरीकडच्या आपल्या शेताचा बांध वाहून गेला आणि हद्दीचा दगड गाळात गडप झाला. बांधापलीकडे उत्तरेला काकांचं शेत. आजोबांच्या वहीत एवढंच होतं: दगड कडुलिंबाच्या पूर्वेला आठ हात, झाडापासून सरळ मोजला तर दहा हात. उत्तरेला सरकून की दक्षिणेला, ते लिहिलंच नव्हतं. तेव्हा सगळ्यांना माहीतच होतं, लिहायचं कशाला? या दोन जागांच्या मधल्या पट्ट्यात आईनं लावलेला आंबा होता, आणि आईला जाऊन वर्ष झालं होतं. दगड उत्तरेला निघाला तर आंबा आपला, दक्षिणेला निघाला तर काकांचा.

तुम्ही पाटी माझ्या हातात दिलीत आणि काकांना आणायला गेलात. दहाचा वर्ग शंभर, त्यातून आठाचे चौसष्ट गेले, उरले छत्तीस. तुम्ही आलात तेव्हा पाटीवर एकच उत्तर होतं: उत्तरेला सहा हात. तुम्ही पाटी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलीत. "दुसरं उत्तर कुठं हाय, बाई? उणे सहाचा वर्ग बी छत्तीसच, म्हंजी दक्षिणेला बी सहा हात." मग दोन्हीकडे खणलं. उत्तरेला नुसती माती. दक्षिणेला दोन विती खाली दगड लागला. काका खाली मान घालून म्हणाले, "झाड वैनीचं हाय. आंबे तुमच्याकडंच येतील." आणि दर उन्हाळ्यात टोपली भरून येत राहिले.

परतताना तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "इसरलीस, व्हय? इसरण्यात पाप न्हाई." घरी आल्यावर तुमचा वर्तुळं काढायचा पितळी परकार मला दिलात. तो अजून माझ्या डबीत आहे, हे पत्रही तिथंच घडी करून ठेवते.

दादा, मी विसरले नव्हते. उणे सहा मी लिहिलं होतं, आणि तुमची पावलं ऐकून ओल्या बोटानं पुसलं.